दहा मिनिटं थांबा

"काका, सगळेच्या सगळे मेले, मग तुम्ही एकटेच कसे वाचलात?"

विचारलं! एकदाचं विचारलं! तेही टेकडीवर, रविवारच्या गर्दीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, आवाज जराही न कापता. मागे वळून पाहिलं तर ढोली आणि चष्मी एकमेकींचे दंड घट्ट धरून उभ्या होत्या. या माझ्या वर्गातल्या जिवलग मैत्रिणी, आणि पैज त्यांचीच. "वक्तृत्वात पहिली आलीस म्हणून एवढी हवेत आहेस ना, मग विचार तुझ्या काकांना," असं चष्मी म्हणाली होती. "शाळेत सगळे म्हणतात, ते पळून गेले होते. विचार, हिंमत असेल तर!" हिंमत तर त्या महिन्यात माझ्याकडे इतकी होती की ठेवायला जागा पुरत नव्हती.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. गावामागच्या टेकडीवर माझ्या जन्माच्या आधी लढाई झाली, तेव्हा वर त्यांचीच तुकडी होती. एका पहाटे तोफेचा गोळा नेमका त्यांच्या खंदकात पडला आणि काका सोडून कुणी उरलं नाही. आता तिथे हिरवळ आहे, काळ्या दगडाचा खांब आहे, खांबावर पितळी अक्षरांत मेलेल्यांची नावं आहेत, आणि त्या दिवसांत काका तिथले राखणदार होते. झाडलोट करायची, हिरवळीला पाणी घालायचं, जुन्या तोफेला तेल द्यायचं आणि ती पितळी अक्षरं फडक्याने घासून लखलखीत ठेवायची. घासून घासून त्यांची बोटं कायमची हिरवट काळी झालीत. पाहुण्यांशी बोलायचे तेसुद्धा मोजकंच. "ही तोफ. हा खंदक. ही नावं. पायरी सांभाळा."

माझा प्रश्न ऐकून त्यांनी हातातल्या फडक्याची नीट घडी घातली.

"पोट बिघडलं होतं," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. एक बाई पुढे झाली. "काय म्हणालात?"

"पोट. जुलाब लागले होते. त्या तिकडे, उताराखाली, शौचाचा खड्डा होता. तिथे बसलो होतो. वर आलो तोवर सगळं झालं होतं."

मग कुणाच्या तरी नाकातून फुर्रकन हसू फुटलं, आणि पाठोपाठ अख्खी गर्दी! मघाशी नावं वाचताना डोळे पुसणारी बाईसुद्धा नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून गदगदा हसत होती. ढोली तर हिरवळीवर बसलीच. मीही हसले, पोट दुखेपर्यंत.

काका रागावतील असं वाटलं होतं. पण ते मान जराशी तिरकी करून उभे होते, लांबून कुणी हाक मारली की आपण करतो तशी.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचं नाव पडलं टमरेल. माझं टमरेलची पुतणी. आणि गंमत म्हणजे मला त्याचं काहीच वाटलं नाही. मधल्या सुट्टीत मी तो प्रसंग करून दाखवायचे, काकांच्या आवाजासकट, आणि वरच्या वर्गातल्या मुलीसुद्धा गोल करून बघायच्या.

आमच्या घराचं पोट त्या टेकडीवर चालतं. फाटकाच्या आत बाबांचा स्टॉल आहे. टोप्या, भाड्याच्या दुर्बिणी, रिकाम्या काडतुसांचे कीचेन. आई सैनिकांचे पोशाख शिवते, लहान मुलांना फोटोपुरते घालायला. ते फक्त पुढून असतात, मागे नुसते बंद. पुढून सैनिक आणि मागून नेहमीचं शेंबडं पोरगं.

त्यामुळे लोक रणभूमी बघायला का येतात, यावर मी वाटेल तेवढं बोलू शकते. आल्या आल्या पहिला प्रश्न, मुतारी कुठे आहे. दुसरा, किती मेले. आकडा ऐकला की च् च् करतात, आणि तो कमी वाटला तर जरा हिरमुसतात. मग खंदकात उतरतात, आपलं पोरगं जवळ ओढतात, नवराबायको उगाचच एकमेकांचा हात धरतात. वर येतात तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. खरंच! मी बघितलंय. कुणीतरी इथे मेलं, आणि आपण मात्र आता जेवायला जाणार, याची त्यांना कोण मजा वाटत असते.

बाबांना हे माझ्याआधी कळलेलं होतं. "सारखं रडून लोक कंटाळतात गं," ते म्हणाले. "शेवटी काहीतरी हलकं लागतंच." आठवडाभरात त्यांनी उताराकडे बाण दाखवणारी पाटी लावली. 'एकमेव वाचलेल्या वीराची जागा'. खड्ड्यातलं गवत काढलं. एक पत्र्याचं टमरेल दगडाने ठेचून, मिठाच्या पाण्यात गंजवून काठावर ठेवलं, आणि विचारलं तर सांगायचे, "तेच आहे. जसंच्या तसं."

लोकांची रांग लागायला लागली. पुरुष खड्ड्यात उकिडवे बसून फोटो काढायचे, बायका तोंडावर रुमाल धरून हसायच्या, आणि आईचे पोशाख घातलेली मुलं तर तिथून हलायचीच नाहीत. प्रत्येक घोळक्यात मी नवखी मुलगी म्हणून उभी राहायचे आणि अगदी भोळ्या आवाजात विचारायचे, "काका, तुम्ही एकटेच कसे वाचलात?" बाबा म्हणायचे, "माझी पोरगी म्हणजे नुसती नटी आहे, नटी!" आणि काका उत्तर द्यायचे. दरवेळी तेच, तितकंच, तसंच. मग मान तिरकी करून ऐकायचे.

एका रविवारी सहलीला आलेला एक घोळका जरा जास्तच रंगात होता.

"काका, नुसतं सांगता काय, बसून दाखवा ना!"

"हो हो! वीर खुद्द खड्ड्यात!"

काकांचे गुडघे कधीचे गेलेत. ते बाबांकडे बघायला लागले.

"बस रे दादा," बाबा म्हणाले. "काय जातंय? एक फोटो तर आहे."

काका काठी टेकत खड्ड्यात उतरले आणि बसले. कुणीतरी ते गंजकं टमरेल त्यांच्या हातात दिलं. फोटो झाले. पुन्हा एकदा, बाजूने. मग त्यांना उठता येईना. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ते मागे बसले. शेवटी त्या घोळक्यातल्या दोघांनी काखेत हात घालून पोतं उचलावं तसं त्यांना वर काढलं, आणि पँट मागून मातीने भरलेली बघून सगळे पुन्हा फिदीफिदी हसले. एकजण म्हणाला, "काका, झालं का साफ?"

मी रांग लावत होते. ती तशीच सोडून दिली.

फाटक बंद झाल्यावर काका खांबाजवळ अक्षरं घासत बसले होते. मी शेजारी बसले.

"काका, तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा?"

"लोक हसतात त्याचा."

त्यांनी फडक्याला पावडर लावली. मग वरून चौथ्या नावावर बोट ठेवलं. "हा आमचा वायरलेसवाला. महाचावट. मला कळ आली, मी डबा घेतला. गोळे पडायची वेळ झाली होती, सगळ्यांना माहीत होतं. याने कानाला यंत्र लावलं आणि म्हणतो कसा, 'थांब, शत्रूला कळवतो. दहा मिनिटं थांबा म्हणावं, आमच्या माणसाचं पोट साफ होतंय.'"

मला हसू आलं. ते त्यांनी बघितलं.

"हां. असेच. सगळे हसले. मोठ्याने हसायची सोय नव्हती, म्हणून तोंडात मुठी कोंबून. मी उतार उतरत होतो आणि मागून ते खुसखुस खुसखुस येतच होतं. खड्ड्यात बसलो तरी येत होतं." त्यांनी अक्षराच्या कोपऱ्यात नखाने फडकं घातलं. "मग नाही आलं."

मी पावडरचा डबा त्यांच्याजवळ सरकवला.

"इतकी वर्षं लोक यायचे, रडायचे, जायचे," काका म्हणाले. "रडणं मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. तू विचारलंस त्या दिवशी ते हसले ना... अगदी तस्संच. रोज हसू देत गं. माझी पँट काय, धुता येते."

हे मी कुणाला सांगितलं नाही. ढोलीलासुद्धा नाही. पण त्यानंतर मी प्रश्न विचारायचे तो वेगळ्या तऱ्हेने, आणि लोक हसले की मीसुद्धा मान तिरकी करायला लागले.

तो खड्ड्यातला फोटो कुणीतरी सगळीकडे पाठवला, आणि एका सकाळी स्मारक समितीचे साहेब गाडीतून आले. साहेब म्हणजे निवृत्त मोठे अधिकारी, कडक इस्त्रीचे. त्यांनी पाटी पाहिली, खड्डा पाहिला, टमरेल बुटाने उडवलं.

"हुतात्म्यांच्या जागेवर हा तमाशा? कुणाची अक्कल ही?"

बाबा इतके पांढरे पडले की मला भीतीच वाटली. मी म्हणणार होते, माझी, मी विचारलं होतं. पण बाबांनी माझा दंड मागून असा दाबला की शब्द आतच राहिले.

"साहेब, काय सांगू," बाबा हात जोडून म्हणाले. "दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही घरचे कितीदा समजावतो. ऐकतच नाही."

काका तिथेच उभे होते, हाताच्या अंतरावर. त्यांनी बाबांकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या अक्षरावर डाग दिसला की ते बघायचे तसं. मग त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या, गळ्यातली शिट्टी काढली आणि खाकी कोटाची बटणं वरून खाली एकेक करत सोडली. आत नुसता बनियन होता. साहेब म्हणाले, "कोट नंतर आणून दिला तरी चालेल." काकांनी तो घडी घालून त्यांच्या हातात ठेवला आणि बनियनवर, सगळ्या पाहुण्यांमधून, घरी चालत गेले. एका पोराने विचारलं, "आई, हेच का ते टमरेलवाले?"

खड्डा सिमेंटने बुजवला. वर बाक बसवलं. काकांना फाटकाच्या आत मनाई झाली. बाक बघायला आले तेव्हा साहेबांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"वक्तृत्वात पहिली ती हीच का? मग यंदा स्मृतिदिनाला निवेदन हिलाच करू द्या. सैनिकी पोशाखात. आणि तुमचा स्टॉल राहू दे तिथेच. मुलगी गुणी आहे."

बाबांनी घरी आल्यावर मला उचलूनच घेतलं असतं, मी एवढी मोठी झाले नसते तर. "पाहिलंस? सगळं निभावलं! आता फक्त चांगलं बोल, राणी."

निवेदन साहेबांनीच लिहून पाठवलं होतं. भाषा मोठी झोकदार, माझ्या आवडीची. मी आरशासमोर म्हणायला लागले. 'ती काळरात्र. शत्रूचा भडिमार. शेवटच्या क्षणीही त्यांच्या ओठांवर विजयाची घोषणा होती. त्या खंदकातून एकही वीर जिवंत परतला नाही.'

तिथे थांबले. पुन्हा वाचलं. तेच होतं.

काका दारात बसले होते. टेकडी सुटल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं, जेवणही नावापुरतं. फक्त घरातलं पितळ घासायचे. दाराची कडी, नळ, शिलाई मशीनची पट्टी, कुलपं. आमचं दोन खोल्यांचं घर एखाद्या मानचिन्हासारखं चमकत होतं.

"का थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"काका, हे म्हणतायत, कुणीच वाचलं नाही."

"मग?"

"मग तुम्ही?"

त्यांनी कडीवर फुंकर मारली. "वाक्य बरोबर आहे. 'एकही' वर जोर दे आणि नंतर श्वास घे. आत्ता तू श्वास आधी घेतेस, त्याने पडतं ते." आणि त्यांनी ते वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं. एकही. वीर जिवंत. परतला नाही. जमलं तसं म्हणाले, "छान."

ते छान ऐकून मी कागद उलटा ठेवला.

परवा रविवारी मी स्टॉलवर होते आणि पाहुण्यांच्या रांगेत मला काका दिसले. आधी ओळखलंच नाही. बाबांच्या मालातली नवी टोपी डोळ्यांवर ओढलेली, गळ्यात भाड्याची दुर्बीण. तिकीट काढून, सगळ्यांच्या मागे, पर्यटक होऊन! फाटकावरच्या नव्या माणसाने तिकीट फाडलं आणि म्हणाला, "पायरी सांभाळा, आजोबा."

मी हळूच मागे गेले. काका खांबाजवळ थांबले नाहीत. अक्षरं काळवंडत चालली होती, ती त्यांनी नुसती बघितली आणि हात खिशात घातले. मग उतार उतरून बाकाजवळ गेले. बाकावर एक कुटुंब बसलं होतं, आईबाप आणि दोन मुली, आंबलेल्या चेहऱ्याची. दमली असावीत.

"आजोबा, आमचा एक फोटो काढाल?" त्या बाईने फोन पुढे केला.

काकांनी काठी काखेत धरली आणि फोन दोन्ही हातांत घेतला.

"जरा हसा," ते म्हणाले.

ते कुटुंब दातांनी हसलं.

"असं नाही. खरं हसा."

"आजोबा, काढा ना, ऊन लागतंय," बाप म्हणाला.

"हो, हो. पण एकदा हसा ना."

"काय कटकट आहे," धाकटी मुलगी पुटपुटली. बाई उठली आणि तिने काकांच्या हातातून फोन काढून घेतला. पुढे जाता जाता ती नवऱ्याला म्हणाली, "अशा ठिकाणी हसा म्हणे! लाज नाही वाटत लोकांना."

काका रिकाम्या बाकासमोर बराच वेळ उभे होते. मान तिरकी करून. मी दहा पावलांवर होते, आणि वारा सोडून मलाही काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी आई माझ्या अंगावर पोशाख बेतत होती. तिने आजवर शिवलेला सगळ्यात मोठा, पण हाही फक्त पुढूनच. ती गुडघ्यांवर बसून कडेने टाचण्या लावत होती. बाबा स्टॉलचे कीचेन पुसत होते. काका बाहेर कडी घासत होते, सर्र सर्र आवाज आत येत होता.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," मी म्हणाले.

"हलू नकोस, टोचेल," आई टाचण्या तोंडात धरून म्हणाली.

"टोचू दे. मी स्मृतिदिनाला बोलणार. पण 'एकही परतला नाही' म्हणणार नाही. एक परतला असं म्हणणार. आणि कसा, तेही सांगणार."

बाबांचा हात थांबला. "कसा म्हणजे? ते? साहेबांसमोर? अगं ए, वेड लागलंय का तुला? माइक काढून घेतील."

"घेऊ देत. माझा आवाज माइकशिवाय पोचतो. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"आणि स्टॉल? दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर फेकतील आपल्याला. मग खायचं काय, कप्पाळ? एवढं कशासाठी केलं मी? भावाला वेडा म्हणालो तो कशासाठी?" त्यांचा आवाज फाटला. "सांग ना, कशासाठी?"

उत्तर त्यांनाच माहीत होतं.

आईने तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "बाळा, त्या दिवशी तिथे कोण कोण बसतं, बघितलंयस ना? त्यांच्या आया असतात. बायका असतात. त्यांच्यासमोर तू ते... शौचाचं सांगणार?"

"त्यांनाच सांगायचंय, आई. त्यांना दरवर्षी सांगतात की शेवटी तोंडात घोषणा होती. घोषणा नव्हती. वायरलेसवाला शत्रूला निरोप देत होता, दहा मिनिटं थांबा म्हणावं, आणि सगळे तोंडात मुठी कोंबून हसत होते. हे एका माणसाला माहीत आहे आणि त्याला आपण फाटकाबाहेर बसवलंय."

"त्या रडतील गं," आई म्हणाली. "नाहीतर तुला मारायला उठतील."

बाहेर कडी घासण्याचा आवाज थांबला होता. मी पोशाखाचे बंद मागून स्वतःच ओढून बांधले, टाचण्या टोचत होत्या तशाच, आणि वक्तृत्वाला उभी राहते तशी सरळ उभी राहिले.

"उठू देत," मी म्हणाले. "पण त्याआधी, आई, बाबा, मी त्यांना हसवणार आहे."